बिळे : शून्य

मी एक म्हातारी उंदरीण आहे, मित्रांनो. वाळवंटातली, उड्या मारत चालणारी. म्हातारी म्हणजे चार वर्षांची. आमच्यात एवढं कोणी जगलं तर शेजारी कौतुक कमी आणि चौकशी जास्त करतात.

माझे मागचे पाय लांब, पुढचे नावापुरते. शेपटीच्या टोकाला गोंडा आहे. हवेत वळायचं झालं की तो सुकाणूचं काम करतो. घुबडाच्या पंखांची चाहूल मला लागते. साप दिसला तर मी पाय आपटून त्याला कळवते, की बाबा रे, तू दिसलास, आता उगाच कष्ट घेऊ नकोस. पाण्याचा थेंब मी जन्मात प्यायलेला नाही. कोरड्या बियांतून पोट जेवढी ओल काढतं तेवढ्यावर भागतं. ती ओल टिकावी म्हणून उजाडण्याआधी मी बिळाचं तोंड आतून वाळूने बुजवते. वरून पाहिलं तर नुसती वाळू. आईने मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीच आता अंगाशी आली आहे.

पंधरवड्यापूर्वी एक जीप आली. तीतून मोजणीचे साहेब उतरले आणि त्यांचे वयस्कर ड्रायव्हर, ज्यांना साहेबही मामा म्हणतात. इथे उन्हापासून वीज करणारा कारखाना होणार आहे. त्याआधी जमिनीत कोण राहतं याची नोंद हवी होती. साहेबांनी दोरी लावून चौकोन आखले आणि एकेका चौकोनातली उघडी बिळं मोजली. दुपारी दोघे जेवायला बसले, ते नेमके माझ्या दारावर. खाली मी आणि डोळे न उघडलेली माझी तीन पिल्लं, श्वास आवरून होतो.

"किती झाली, साहेब?" मामांनी विचारलं.

"शून्य."

"असं कसं? वाळूवर पावलं तर बाजार भरल्यासारखी आहेत."

"पावलांचा रकाना नाही, मामा. बिळांचा आहे."

"दिवसा दारं लावून झोपतात ती. अंधार पडल्यावर येऊ की."

"जीप सहाला जमा करावी लागते. आणि मामी सोडतील का तुम्हाला?"

"मामी म्हणतील, पांघरूण न्या आणि परत यायची घाई करू नका."

साहेब हसले. मग डबा मिटून त्यांनी लिहिलं. पेन्सिलीची खरखर मला खाली ऐकू आली. माणूस वाईट नव्हता. दोरी सरळ लावायचा, एक चौकोन चुकवायचा नाही. शून्यही त्याने गोल काढलं असणार.

मग लाल फडक्यांच्या खुंट्या आल्या. मग रोलर आला. तो सकाळी सुरू होतो, म्हणजे आम्ही सगळे दारं लावून झोपलेलो असतो तेव्हा. पलीकडच्या उतारावर माझी थोरली लेक राहते. रोज रात्री तिच्या पायांची थाप यायची. परवापासून आलेली नाही. रोलरवाल्यावर माझा राग नाही. जागा रिकामी असल्याचा कागद त्याच्याकडे आहे. त्या कागदावर आम्ही जिवंत नव्हतो, तेव्हा मेल्याचीही नोंद होणार नाही.

काल रात्री मी खुंट्यांच्या पलीकडे नवं बीळ उकरलं. या वयात वेळ लागतो. दोन पिल्लं तोंडात धरून नेऊन ठेवली. तिसऱ्यासाठी परतले तोवर फटफटलं होतं आणि वर ससाणा घिरट्या घालत होता. सवयीने आत शिरले, दार बुजवलं. आता वाळू थरथरते आहे. अजून रोलर लांब आहे, माझे कानच तिखट आहेत, अशी मी पिल्लाची समजूत घालते आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात दोरी आणि कागद येईल. इथे कोणी राहत नाही असं लिहिण्याआधी, राहणारे जागे असतात त्या वेळी एकदा येऊन बघा. एवढंच मागते.

मी दार उकरायला घेतलं आहे. बाहेर लख्ख ऊन आहे आणि ससाणा गेलेला नाही. पिल्लू तोंडात धरलं की बोलता येत नाही, तेव्हा इथेच थांबते.