लेन्सवर थेंब नाही

फोटो धूसर आला म्हणून, साहेब, तुम्ही भेगच नाकारलीत. एकदा नाही, तीनदा. खुर्चीवरून उठून दोन जिने उतरला असतात तर ती नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. पण तुम्हाला कागद हवा, कागदावर फोटो हवा आणि फोटोत थेंब नको.

म्हणून तर त्या दुपारी तपासनीस कॅमेऱ्यांच्या दुकानात कव्हरं दाबून, वाकवून, कानाशी नेऊन बघत होता. शेजारी काउंटरवर ऑफिसचा तळहाताएवढा कॅमेरा पडला होता.

"पोहायला चाललात का?" दुकानदाराने विचारलं.

"भिंत बघायला."

"भिंत पाण्यात आहे?"

"पाणी भिंतीत आहे."

दुकानदार हसला, मग तपासनिसाचं तोंड बघून हसायचा थांबला. शहराला पाणी देणाऱ्या टाक्यांच्या भिंती तपासायचं याचं काम. सगळ्यांत मोठ्या टाकीच्या पायाशी पंपघर होतं. तिथे टाकीच्याच भिंतीला छताजवळ हातभर भेग पडली होती आणि तिच्यातून बारीक फवारा उडत होता. कॅमेरा वर धरला की आधी त्याची काच भिजायची. आणि भेगेच्या बरोब्बर खाली बसून त्याच्या बायकोचा भाऊ आठ तास पंपाचे काटे बघायचा.

"हे पाकीट गुबगुबीत आहे. पडलं-आपटलं तर वाचवेल, पण पाण्याशी याचं काही देणंघेणं नाही," दुकानदार म्हणाला. "ही पिशवी पाणी अडवते, पण लेन्ससमोर हिची सुरकुती येते. तुम्हाला ही कडक डबी बरी. बाहेरून बटणं दाबता येतात. फक्त फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर उजेड आतल्या आत उलटतो. टॉर्च मारा आणि हात हलवू नका. आणि ही रबराची कडी बघितलीत? तिच्यात एक केस जरी अडकला तरी पाणी आत."

"केस राहिलेत कुठे," तपासनीस टकलावरून हात फिरवत म्हणाला.

घरी बायकोने डबीत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर ठेवला, डबी बादलीत बुडवली आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून दिलं. अर्ध्या तासाने उघडली तर कागदाचा कोपरा ओला. कडीत एक लांब केस होता.

"तुझा," तो म्हणाला.

"मग काय तुमचा असणार?" तिने अंबाडा घट्ट बांधला, जुन्या सुती कापडाने कडी पुसली, बोट फिरवून फिरवून पाहिली आणि डबी पुन्हा बुडवली. या वेळी कागद कोरडा निघाला. तो तिने उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला.

"कॅमेऱ्याचं झालं," ती म्हणाली. "माझ्या भावाचं काय?"

"अगं, त्याच्यासाठीच चाललंय ना हे सगळं."

ती पातेलं उचलून ओट्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पंपघरात मेहुणा डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बसला होता.

"दाजी, हसू का?"

"हलू नकोस. भेगेशी काठी धर. किती मोठी आहे ते कळू दे."

फोटो असा आला की भेगेला फुटलेले केसाएवढे फाटेसुद्धा मोजता यावेत. तपासनीस जिना चढताना चक्क शीळ घालत होता. त्याच संध्याकाळी त्याने फोटो अहवालाला जोडून वर पाठवला.

पाचव्या दिवशी फाइल परत आली. शेरा नीटनेटक्या अक्षरात होता. 'छायाचित्र सुस्पष्ट आहे. तथापि लेन्सवर एकही थेंब नाही, फवाराही दिसत नाही. भिंतीवरील चकाकी रंगाची असावी. गळती सिद्ध होत नाही. सबब प्रकरण बंद.'

त्याने तो तीनदा वाचला. मग कपाटातून डबी काढून नुसतीच उघडली आणि मिटली. फ्लॅश बंद होता. टॉर्चच्या पिवळ्या उजेडात, शटर जास्त वेळ उघडं ठेवून घेतलेल्या फोटोत, तो बारीक फवारा विरघळूनच गेला होता. एवढी काळजी घेतली, आणि काळजीनेच पाणी पुसून टाकलं.

फाइल घेऊन तो खाली गेला. मेहुण्याने पँटला हात पुसले आणि शेरा वाचला.

"म्हणजे दाजी, मी रोज भिजतो तो घामाने?"

तपासनीस भिंतीकडे बघत राहिला. भेगेचा एक फाटा परवापेक्षा बोटभर खाली आला होता.

"खुर्ची सरकव," तो म्हणाला.

मेहुण्याने खुर्ची हातभर मागे ओढली, बसून मान वाकडी केली, डोळे बारीक केले. "इथून काटे दिसत नाहीत हो," म्हणाला, आणि खुर्ची होती तिथे आणून ठेवली. वर प्लॅस्टिकचा कागद घेतला.

उघड्या फाइलवर टपटप थेंब पडू लागले. 'सबब'ची शाई पसरली. तपासनिसाने फाइल मिटली नाही. भिंतीला टेकवून धरली, खिशातून पेन काढलं आणि कागद पुरता भिजायच्या आत शेऱ्याखाली लिहिलं:

'थेंब होते तेव्हा भेग नव्हती. आता थेंब नाहीत, म्हणून पाणी नाही. ठीक. मग एवढंच कळवा, पंपवाल्याची खुर्ची भिंतीपासून किती हात लांब ठेवू, म्हणजे काटेही दिसतील आणि माणूसही उरेल? आकडा लेखी द्या, खाली तुमची सही करून.'