घंटा वाजली की वार

"हा आठवडा फारच लांबला. आज वार कोणता गं?" अप्पांनी खुर्चीतून विचारलं.

"रविवार, अप्पा. दहावीचे जादा तास आहेत." त्यांची लेक, शाळेच्या बाई, दारात चपला घालत होत्या, बगलेत पेपरांचा गठ्ठा.

"पण मघाशी घंटा वाजली की."

बाई एक चप्पल पायात घालून तशाच थांबल्या.

अप्पा मिशनच्या त्याच शाळेचे जुने शिपाई. तीस वर्षं त्यांनी तिथली घंटा वाजवली, आणि लेक तिथेच मुख्याध्यापिका झाली याचा त्यांना कोण अभिमान! पुढे आधी डोळे गेले, मग गुडघे. चर्चमध्ये उपासनेला जाणंही सुटलं. तेव्हापासून भिंतीपलीकडची घंटा हेच त्यांचं कॅलेंडर. ती वाजली नाही की रविवार. मग अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन ते बसत आणि लेक त्यांना तासभर वाचून दाखवी. आठवड्यातून तेवढंच त्यांचं मागणं असे.

परीक्षा तोंडावर आली तसे बाईंनी रविवारीही वर्ग सुरू केले, घंटेसकट. वर्गात शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीचा दिवस पवित्र पाळण्याची, आज्ञा शिकवायच्या त्याच; लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! त्याला दोन महिने होत आले. अप्पांनी शास्त्र मागणं सोडलं, तेव्हा आपली धावपळ त्यांना समजली असं बाईंना वाटलं होतं. खरं तर हायसंच वाटलं होतं.

"म्हटलं, येईल रविवार. जातो कुठे?" अप्पा हसले.

बाईंना भडभडून आलं. आज जातच नाही म्हणाल्या, पण अप्पांनी ऐकलं नाही. घंटा झाल्यावर पोरांना ताटकळत ठेवू नये, हा त्यांचा जन्माचा नेम. "जा तू. आल्यावर वाच."

तास संपले तर पालक भेटायला आले. एकेकाचं ऐकता ऐकता दुपार कलली. बाई धावतच घरी आल्या. अप्पा खुर्चीतच होते, अंगात धुतलेला सदरा, मांडीवर शास्त्र. बाईंनी हाक मारली, मग त्यांचा हात हातात घेतला. हात गार पडला होता.

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. बाईंनी सकाळीच अंघोळ केली, रिकाम्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेकडून कसलाच आवाज येत नव्हता.