अंग धरेपर्यंत

“हलू नका रघूभाऊ, काटा ठरू द्या,” नामा तोलार म्हणाला.

रघू हलत नव्हताच. नुरुद्दीनभाईंच्या वखारीत सुपारीची पोती तोलायचा जो मोठा तराजू आढ्याला टांगलेला असे, त्याच्या एका पारड्यात तो मांडी घालून बसला होता. अंगावर घोंगडी, हनुवटी छातीला टेकलेली. दुसऱ्या पारड्यात नामा एकेक लोखंडी वजन चढवत होता. तुळशी दाराची चौकट धरून उभी होती. नवऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती काट्याकडे बघत होती.

“वाढलाय, वैनी!” नामा हसला. “मागच्या खेपेपरीस जास्तच हाय.”

तुळशीनं चौकट सोडली.

रघू मुंबईला गिरणीच्या साचेखात्यात, विणकामाला होता. अठ्ठावीस सालच्या मोठ्या संपात सहा महिने अर्धपोटी काढले, तिथून त्याला खोकल्यानं धरलं ते सोडलं नाही. यंदा दिवाळीच्या आधी तो आगबोटीनं श्रीवर्धनला आला, तेव्हा पडावातून किनाऱ्यावर उतरवताना दोघांनी त्याला बखोटीला धरलं होतं. क्षय. मुंबईच्या डॉक्टरनं त्याला यंत्रावर उभं करून वजन केलं होतं आणि सांगितलं होतं, औषध माझ्यापाशी नाही. गावी जा. दूध, अंडी, मटण खा. वजन वाढत गेलं तर जगशील, घटत गेलं तर नाही.

हे ऐकून तुळशीला रडू आलं नाही. संताप आला.

“सांगितलं बरं त्यानं! आनि बकरा कोन कापनार? त्याचा बा?”

तो संताप मग तिच्या अंगात घरच करून राहिला. रघू बोटीत पाय ठेवायच्या आत मुकादमानं त्याच्या साच्यावर दुसरा माणूस उभा केला होता, त्या मुकादमाचा तिला राग. अंगणाबाहेरूनच ‘कसं हाय?’ विचारून तोंडाला पदर लावणाऱ्या बायांचा राग. एकदा थोरला दीर सदू येऊन ओटीवर बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “तुळशे, जानाऱ्याच्या तोंडात घालून काय उपेग? अंडं हाय ते पोरीला दे.” आत रघूला ऐकू जात होतं. तुळशीनं केरसुणी उचलली आणि सदू जिथं बसला होता तिथून झाडायला सुरुवात केली. तो उठून गेला, तो पुन्हा आला नाही.

ती दिवसभर मार्तंडपंतांच्या वाडीत सुपारी सोलायला जायची. तिथून आली की नुरुद्दीनभाईंच्या घरचं दळण दळायची. त्यांची बायको कुलसुमबी अंडी द्यायची, कधी शेळीचं दूध. खाडीवर मासळी आली की तुळशी कोळणींशी भांडून मूठभर मांदेली जास्त आणायची. ते सगळं रघूच्या ताटात जायचं. त्याचं ताट वेगळं, बसणं वेगळं. पाच वर्षांच्या भागीला त्याच्या उष्ट्याजवळ फिरकू द्यायची नाही. आणि “तू जेवलीस का?” असं रघूनं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “माजं मगाच झालं.”

बोटीतून उतरला त्याच दिवशी तिनं त्याचं वजन वखारीत करून घेतलं होतं, आणि मग दर महिन्याला ती त्याला तिथं आणायची. पहिल्या खेपेला वजन घटलं होतं. दुसऱ्या खेपेला तेवढंच राहिलं. तिसऱ्या खेपेला वाढलं, त्या दिवशी तिनं कुलसुमबीच्या पोरांना गूळ वाटला होता. आणि आज माघात पुन्हा वाढलं होतं.

“उतरा आता. दमानं,” नामानं हात दिला.

रघूनं एक पाय जमिनीवर टेकला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो कमरेत वाकला, वाकतच गेला. घोंगडी खांद्यावरून घसरली, कमरेला आवळून बांधलेला पंचा सुटला आणि खडखड करत काहीतरी फरशीवर पडलं.

गोटे. खाडीकाठचे काळे, वाटोळे गोटे. त्यातला एक घरंगळत पोत्यांपाशी जाऊन थांबला.

मग एक हमाल हसला. “सुपारीत खडे घालत्यात ठावं व्हतं. मानसातबी घालत्यात व्हय?”

“गप रे!” गादीवरून नुरुद्दीनभाई ओरडले.

तुळशी पुढे झाली. तिनं एक गोटा उचलला आणि रिकाम्या पारड्यावर असा फेकला की सगळी वखार घणाणली.

“मला फशिवलंस?” ती म्हणाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. चार माणसांत तिनं नवऱ्याला कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. “त्यो काटा काय मला दाकवायला हाय? कुनाला फशिवलंस तू? मला, का मरनाला?”

रघू धापा टाकत पंचा सावरत होता. त्यानं मान वर केली नाही.

“बस परत,” तुळशी म्हणाली. “घोंगडी काड. बंडी काड. नामाभावजी, खरं वजन करा.”

नामानं नुरुद्दीनभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. लंगोटीवरचा रघू पारड्यात बसला, तेव्हा मघाचा हमाल उठून बाहेर निघून गेला. नामानं चढवलेली वजनं एकेक करून उतरवली आणि आकडा सांगितला. बोटीतून उतरला तेव्हापेक्षा तो बराच हलका झाला होता.

“बरं,” तुळशी म्हणाली. “आता हितनं मोजू.”

घरी जाताना ती चार पावलं पुढे चालत होती. किनाऱ्यावर एका पालथ्या होडीशी रघू दमून बसला. ती थांबली, पण पाठ त्याच्याकडे ठेवून.

“तू जेवत न्हायस,” तो म्हणाला.

“कोन म्हनतं?”

“भागी म्हनते. आय मडकं इसळून पानी पिते.” तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. “तुज्या गळ्याची हाडं वर आल्यात तुळशे. मला वाटलं, मी जड झालो असं दिसलं तर तू तरी दोन घास घेशील. मला जायचं तर मी जाईन. तुला कशाला वडून नेऊ?”

ती गरकन वळली. “जायचंच व्हतं तर बोटीतनं उतरलात कशाला? तिकडंच ऱ्हायचं! मी हितं दातावर दात दाबून एकेक अंडं आनते, आनि तुमी कमरंला दगड बांदून मला हसवता? मी गूळ वाटला वो! लोकांच्या पोरास्नी गूळ वाटला!”

मग ती वाळूत बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. रागानंच रडली. रघूनं हात पुढे केला, तो तिनं झटकला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा केला, तेव्हा राहू दिला.

वखारीतली गोष्ट कुलसुमबीच्या कानावर गेलीच होती. दुसऱ्या दिवशी तुळशी दळायला आली, तशी ती जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून म्हणाली, “आमचे रोजे वर्सातनं एक म्हयना असतात गो. तुझे बारा म्हयने चालू? ये, भाकर खा आधी. आमच्या हातची चालत नसंल तर आपल्या हातानं भाजून घे, पीठ तुझ्यासमोर हाय. खाल्ल्याबिगर जात्याला हात लावलास तर अंडी बंद.”

त्यानंतर घरात नवीन रीत सुरू झाली. रघू आपल्या कोपऱ्यात, तुळशी आणि भागी चुलीपाशी. तुळशीनं घास घेतल्याशिवाय रघू ताटाला हात लावायचा नाही, आणि तिनं डोळे वटारल्याशिवाय त्याच्या ताटातलं संपायचं नाही. दोघं एकमेकांच्या घासावर पहारा द्यायची. भागीला त्याचं हसू यायचं.

आणि अंग थोडं धरलं. खरंच धरलं. होळीच्या सुमाराला नामानं वजन केलं ते बंडी उतरवून, आणि काटा मागच्या खेपेहून पुढे गेला. चैत्रात पुन्हा थोडा गेला. रघूच्या गालांवरचे खड्डे भरल्यासारखे दिसू लागले. संध्याकाळी तो चालत किनाऱ्यापर्यंत जायचा, कोळ्यांची फाटकी जाळी विणून द्यायचा आणि मोबदल्यात मासळी घेऊन यायचा. ती मासळी तुळशीच्या पुढ्यात ठेवताना त्याचा चेहरा मुंबईहून पहिल्यांदा पगार घेऊन आला होता तेव्हासारखा व्हायचा.

मग पावसाळा आला. होड्या वर ओढल्या गेल्या, मासळी बंद झाली. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. वाडीतलं काम संपलं. तुळशी सुक्या मासळीच्या चार तुकड्यांसाठी दिवेआगरपर्यंत चिखल तुडवत गेली. पण चार महिने घासाघासानं मिळवलेलं आषाढाच्या पंधरवड्यात निघून गेलं. तिला ते बघायला तराजू लागला नाही. श्रावणात रक्त पडलं. आणि एका दुपारी, ती त्याला पेज भरवत असताना, त्यानं घास तोंडात घेतला आणि तो गिळलाच नाही.

सदू आला. माणसं आली. स्मशानातून परत आल्यावर ओटीवर टेकत सदू म्हणाला, “सुटला बिचारा.”

तुळशी आतून बाहेर आली.

“सुटला म्हनू नका माज्या दारात,” ती म्हणाली. “त्यो काय बांदलेला व्हता? त्याला जगायचं व्हतं. खायाला मिळालं तवा वाडला त्यो, चांगला वाडला. न्हाय मिळालं, मेला. काय म्हनायचं तर असं म्हना.”



घरात चूल पेटायची नव्हती. नामाच्या बायकोनं आपल्याकडून भात आणि डाळ आणली. जमलेल्या बायकांना ठाऊक होतं, आधी नको म्हणायचं असतं, मग चौघींनी आग्रह करायचा असतो, मग दोन शितं तोंडाला लावून ताट सारायचं असतं. एकीनं आग्रहासाठी तोंड उघडलंसुद्धा. पण तुळशीनं हात धुतले, भागीला ओढून आपल्याशेजारी बसवलं आणि ताट पुढ्यात घेतलं.

पहिला घास तिनं पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला. दुसरा घेतला. जातं ओढावं तशी ती जेवत होती, खांदे वाकवून, न थांबता. कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली, “आजच्या दिवशी तरी, बाय…”

तुळशीनं ऐकलं. तिचं ताट रिकामं झालं होतं. तिनं ते नामाच्या बायकोपुढे धरलं.

“वाड आनखी,” ती म्हणाली.

नामाच्या बायकोचा हात क्षणभर भांड्यावरच राहिला. मग तिनं भाताचा मोठा उंडा ताटात ठेवला आणि त्यावर डाळ ओतली. भागी आईच्या तोंडाकडे बघत होती. आईनं घास गिळला, तसा तिनंही आपला गिळला.