आवळणारे गृहस्थ

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर दोनच वेडं: नात आणि जुनी मोटार. पण दोघींची गाठ काही पडेना. मोटारीत पेट्रोलचा वास, आणि लेकीनं ठणकावून सांगितलेलं, "बाबा, या डब्यात माझं बाळ बसणार नाही." बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, मलाही फार वाईट वाटलं.

टाकीकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी जुनी होऊन तडकली होती. ह्यांनी नवी घातली. थोड्याच दिवसांत पुन्हा वास! दुसरी घातली, तीही गळायला लागली. मग दुकानदाराच्या नावानं बोटं मोडणं सुरू. "हल्ली रबरात काही रामच राहिला नाही!"

तिसऱ्या वेळी मी टॉर्च धरून उभी राहिले. इंजिन गार, बॅटरीची वायर काढलेली, खाली पसरट डबा. त्यात बोट ठेवायला जागा नाही. निघालेली नळी मी हातात घेतली. बाकी सगळी धडधाकट, पण टोकाला स्क्रूनं आवळायची लोखंडी क्लिप बसते तिथेच गोल चिरलेली.

"अहो, क्लिप किती आवळता?"

"फिरेनाशी होईपर्यंत! गळायला नको ना."

हात्तिच्या! हे गृहस्थ बरणीचं झाकण असं लावतात की मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. घरातला एकेक नळ ह्यांनीच पिळून पिळून गळका केलाय.

"अति तिथे माती! गळेल गळेल म्हणून तुम्हीच कापताय ती नळी," मी म्हटलं. "सरका बाजूला."

नवी नळी चढवली, क्लिप आवळली, नळी हलेनाशी झाली तशी थांबले. हे तिथेच घुटमळत होते. "अजून अर्धाच वळसा?" मी स्क्रू-ड्रायव्हर पाठीमागे लपवला.

मग वायर जोडली, इंजिन चालू केलं आणि नळीखाली कागद धरला. कोरडा. आठवडाभर रोज बघितलं, कोरडाच.

लेक आली. तिनं सीट हुंगली, बॉनेटखाली वाकून हुंगलं, आणि मुकाट्यानं बाळाला घेऊन मागे बसली. ह्यांनी गाडी इतकी जपून काढली की पायी चालणारे पुढे निघून गेले. एरवी मी टोमणा मारल्याशिवाय राहते होय! पण आज ह्यांच्या शेजारी बसून नुसता रस्ता बघत राहिले.

कोपऱ्यापर्यंत जाऊन परतायचं ठरलं होतं. कोपरा आला, हे गाडी वळवणार, तेवढ्यात लेक मागून हळूच म्हणाली, "बाबा, बाळ झोपलंय. लांबच्या रस्त्यानं घ्या ना."