ओढ्यापलीकडून हाक

त्र्याहत्तर सालच्या श्रावणात केदारखेड्यात पटकी आली. दुष्काळाचं वर्ष कसंबसं काढून गाव नुकतंच सावरायला लागलं होतं. सकाळी बैलांना वैरण टाकणारा धडधाकट माणूस दुपारी डोळे खोल जाऊन पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. पाठोपाठ त्याची बायको गेली. लोक असे हबकले की घरांना कड्या घालून जो तो रानात खोप टाकून राहू लागला.

गिरिजाबाई बौद्धवाड्यातली, साठी ओलांडलेली विधवा. मुलगा संपत याच्याबरोबर ती ओढ्याच्या अलीकडं राहिली. पलीकडं मालनबाईचं रान. मालनबाई मोठ्या शेतकऱ्याच्या घरातली, गिरिजाबाईच्याच वयाची. मुलगा रामराव आणि सून उषाबाई तिच्याजवळ होते. गिरिजाबाईचा सगळा जन्म मालनबाईच्या रानात खुरपण्यात गेला होता. एक मालकीण, एक मजुरीण, पण निंदणीला दोघी शेजारशेजारची पात धरायच्या आणि दिवसभर बोलायच्या. आता मधे ओढा होता आणि डोक्याएवढी बाजरी. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं.

गावात नर्स होती बेबीनंदा, गिरिजाबाईच्या भावाची मुलगी. सुया टोचत, विहिरीत पावडर टाकत ती रानोमाळ हिंडायची. कोणी कोणाच्या खोपीवर जायचं नाही, कोणाचं काही खायचं-प्यायचं नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं. एक दिवस ती गिरिजाबाईकडं आली आणि मटकन खाली बसली.

"आत्या, रखमाजीबाबाला पटकी न्हाई झाली. पन त्यो काई उठायचा न्हाई आता."

"कामून?"

"तोंड कुडाकडं करून पडलाय. जेवत न्हाई. कोनी बोलायला न्हाई तं जगून काय करू, म्हंतो. समदे म्हातारे असेच झालेत. जायला बंदी मीच केली. पन वरडायला तं बंदी न्हाई."

रखमाजी हा मालनबाईचा चुलत दीर. त्याची खोप गिरिजाबाईच्या पुढं, टेकाडावर होती. बेबीनंदानं ठरवून दिलं, की दिवेलागणीला मालनबाईनं गिरिजाबाईला हाक मारायची, गिरिजाबाईनं रखमाजीला, रखमाजीनं त्याच्या पुढच्याला. एकाची खबर दुसऱ्याला पोचवायची.

गिरिजाबाईला आधी हसू आलं. पण पहिल्याच संध्याकाळी बाजरीवरून आवाज आला, "गिरजेऽऽ, हायेस का गंऽऽ?" आणि तिला एकदम भरून आलं.

"हाय, मालनबाईऽऽ! जेवल्या काऽऽ?"

"कशाचं जेवन! उषीनं भाकर करपवलीऽऽ!"

गिरिजाबाईनं ती करपलेली भाकर रखमाजीपर्यंत पोचवली. टेकाडावरून म्हातारा खो-खो हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं पेज घेतली.

मग रोज संध्याकाळ व्हायची वाट बघणं सुरू झालं. कोणाची म्हैस व्याली, कोणाचे गुडघे धरले, सगळं रानावरून हिंडायचं. दिवसभर रानात कुठं ना कुठं सरणाचा धूर दिसायचा. संध्याकाळी या हाका ऐकल्या की आपण अजून आहोत एवढं तरी कळायचं.

मधेच एकदा मालनबाईचा आवाज घोगरा आला. "घसा बसलाय," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती कमी बोलायची. "हाय", "बरी हाय", "जेवले". गिरिजाबाईला वाटलं, ओरडून ओरडून थकली असेल. म्हणून ती स्वतःच जास्त बोलू लागली. आणि समोर तोंड दिसत नसल्यामुळं असेल, जे वर्षानुवर्षं पोटात ठेवलं होतं ते एका संध्याकाळी तिच्या तोंडून निघून गेलं.

छप्पन साली गिरिजाबाईच्या वाड्यानं बौद्ध होऊन घरातले देव काढले, तेव्हा मालनबाईनं बांधावरून सांगितलं होतं, "देव टाकनाऱ्याचा पाय माझ्या रानात नको." त्या हिवाळ्यात गिरिजाबाईला कुणीच काम दिलं नाही. धाकटी लेक तापानं पडली. घरात दाणा नव्हता. लेक गेली. पुढच्या पेरणीला मालनबाईनं तिला परत बोलावलं, काही झालंच नाही अशा तऱ्हेनं. गिरिजाबाईही गेली. त्यावर दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

"मालनबाईऽऽ, माझी कांता गेली तव्हा तुमी दारावर बी आल्या न्हाईऽऽ! येवढ्या कशा वो दगड झाल्त्याऽऽ?"

बोलून तीच घाबरली. बाजरी नुसती सळसळत राहिली. पुष्कळ वेळानं पलीकडून घोगरा आवाज आला. रडका होता.

"चुकलं गंऽऽ. लई चुकलं माझं, गिरजेऽऽ."

गिरिजाबाई जागच्या जागी खाली बसली. संपत भाकरी घेऊन आला, ती तिनं तशीच झाकून ठेवली. इतक्या वर्षांनी ही बाई हे बोलली, सगळं रान ऐकत असताना बोलली, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

सकाळी ती ओढ्याकडं निघाली. बंदी गेली चुलीत, तिला मालनबाईचं तोंड बघायचं होतं. वाटेत बेबीनंदा भेटली.

"आत्या, कुठं?"

"मालनबाईकडं. दुरूनच बोलते, हात लावत न्हाई."

बेबीनंदाचा चेहरा उतरला. "नको जाऊ. ऐक माझं, बिलकुल जाऊ नको."

"का गं? काय झालं?"

बेबीनंदा वाट अडवून उभी राहिली. गिरिजाबाई तिला बाजूला सारून ओढ्यात उतरली.

खोपीपुढं बाज उभी करून ठेवली होती. उषाबाई चुलीशी होती. गिरिजाबाईला बघताच तिच्या हातातली फुंकणी पडली.

"मालनबाई कुठंयत?"

उषाबाईनं पदर तोंडावर घेतला.

"उषाबाई, तुमची सासू कुठं हाय?"

"गेल्या," उषाबाई म्हणाली. "कव्हाच गेल्या. सकाळी सुरू झालं, दुपारी आवाजच गेला. पल्ल्याड नदीवर जाळलं आमी."

गिरिजाबाईला आधी समजलंच नाही. तिच्या कानात फक्त "कव्हाच" एवढाच शब्द वाजत राहिला. "अन् मंग... रोज संध्याकाळी कोन..."

"मी."

गिरिजाबाईनं उभ्या बाजेचा खूर धरला.

"त्या सांजेला हे नदीवर सरनापाशीच व्हते. हिकडून हाक गेली न्हाई, तशी तुमचीच हाक आली. मला काई सुचंना. तोंडातून निघून गेलं, हाय म्हनून. मंग बेबीनंदा म्हन्ली, रखमाजीबाबा आत्ताच कुठं जेवाय लागलेत, रोग हटेपर्यंत असंच चालू द्या."

"अन् काल?"

उषाबाई रडायला लागली. "काल मला राहवलं न्हाई. मी नवी नवरी व्हते तव्हा. तुमची लेक गेली ते मला ठावं व्हतं. आत्याबाईंना मी म्हन्लं बी व्हतं, जाऊन या म्हनून. त्या न्हाई गेल्या. मंग मीच काल..."

"तुला कोनी सांगितलं व्हतं!" गिरिजाबाई किंचाळली. तिनं उषाबाईला आजवर एकेरी हाक मारली नव्हती. "ते तिचं व्हतं! माफी मागायची का न्हाई, ते तिचं व्हतं!"

रामराव खोपीतून बाहेर आला आणि तसाच उभा राहिला. गिरिजाबाई ओढ्यातून परत कशी आली ते तिला कळलं नाही. बेबीनंदा काठावरच थांबली होती. तिच्याकडं न बघता ती पुढं गेली.

दिवेलागणीला ओढ्यापलीकडून हाक आली नाही. रान गप्प होतं. मग टेकाडावरून रखमाजीचा घाबरा आवाज आला.

"गिरजेऽऽ! आज कोनीच का बोलंना? मालनवैनी बरी हाय नाऽऽ?"

गिरिजाबाई उठून उभी राहिली. गेली म्हणून सांगायचं, हे तिनं दुपारीच ठरवलं होतं. तिनं तोंड उघडलं.

"बरी हायऽऽ! जेवलीऽऽ!"

स्वतःचा आवाज ऐकून तिनं तोंडावर हात दाबला. संपत तिच्याकडं बघतच राहिला.

पोळ्याच्या सुमाराला रोग हटला. माणसं गावात परतली, घरं सारवली. रखमाजीला खरं सांगायला गिरिजाबाई स्वतः गेली. म्हातारा म्हणाला, "मी तिच्या नावानं सुतक बी धरलं न्हाई. तुमी समद्यांनी मला हसवत ठेवलं." पुढं बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही. बेबीनंदाशी तर कधीच नाही.

मालनबाईच्या घरी गिरिजाबाई दिवाळीच्या आधी एकदा गेली. उषाबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. ती उठायला लागली, तशी गिरिजाबाईनं तिला हातानंच बसवलं आणि पायरीवर टेकली.

"एक विचारते. जाताना मालनबाईनं माझं नाव काढलं व्हतं का?"

उषाबाईचे हात थांबले. गिरिजाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि काढलं होतं म्हणून ऐकायची तिला केवढी आस होती, ते लपत नव्हतं.

"न्हाई," उषाबाई म्हणाली. "आवाज जाईस्तोवर लेकाला रामा, रामा करत व्हत्या. बाकी कोनाचंच न्हाई."

गिरिजाबाईनं मान हलवली. मग समोरच्या सुपातल्या शेंगा तिनं ओढून घेतल्या आणि उषाबाईच्या शेजारी बसून फोडायला लागली.