कोण लागते

दवाखान्याच्या पायरीवर छबूबाईनं सासूला टेकवलं आणि स्वतः कठडा धरून उभी राहिली. भागूबाईंच्या छातीतली घरघर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जात होती.

छबूबाई कारखान्यात औषधाच्या बाटल्या धुवायची. नवरा तापानं गेल्यावर सासू-सुना निघोजे सोडून पिंपरीत एका खोलीत राहायला आल्या होत्या. नव्या नियमानं कामगाराच्या म्हाताऱ्या आईबापांना कारखान्याच्या दवाखान्यात औषधाचा हक्क मिळाला. त्यात सासू नव्हती. कंपाउंडर उद्धवराव भला माणूस. आई म्हणून सांगा, कोण बघायला येतंय, असं त्यांनीच छबूबाईला हळूच सुचवलं होतं. तिनं ते घरी समजावून सांगितलं, तेव्हा म्हातारी कूस बदलून पडली.

खिडकीशी पाळी आली.

"आजी, ही कोण लागते तुमची?" उद्धवरावांनी विचारलं. टाक कागदावर टेकवूनच ठेवला होता.

भागूबाईंनी धाप आवरली.

"सून."

मागं कुणीतरी हसलं. "म्हातारे, औषध पायजे का भांडण?"

छबूबाईचा आजचा खाडा पडला होता. तिनं डोळे मिटून घेतले.

"आत्याबाई, काय ठरलं व्हतं आपलं?"

"तू ठरवलंस." भागूबाई थांबून थांबून बोलत होत्या. "तुला लेक म्हणलं, तर माझा पोरगा कुठं गेला? त्याला म्या जल्मच दिला न्हाई व्हय?"

उद्धवरावांनी टाक खाली ठेवला. आता आपला इलाज नाही, बाजूला व्हा, असं ते खालच्या आवाजात म्हणाले.

छबूबाईनं सासूला बाकावर बसवलं, पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला आणि ती परत खिडकीशी आली. नवऱ्याचं नाव तिनं चारचौघांत कधी घेतलं नव्हतं, सासूसमोर तर नाहीच.

"ज्योतीराम," ती म्हणाली. "त्यांची आई हाय ही. ते न्हाईत, म्हणून मी सांभाळते. असंच लिवा आन् सायबाला दावा."

"साहेब नाही म्हणतील, बाई."

"म्हणू द्या. माझ्या म्होरं म्हणू द्या."

मागच्या माणसानं तिच्या खांद्यावरून आपली चिठ्ठी पुढं केली. छबूबाई खिडकीवरून हलली नाही.