पाय घासत चालणारी पोरं

पंचगंगेच्या घाटाजवळच्या त्या गल्लीत पोहता न येणारं पोर सापडणं मुश्कील होतं, आणि त्याला कारण होते आकाराम तात्या. उन्हाळा लागला की तात्या सकाळी सकाळी नदीवर हजर. पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधायचा, पोटाखाली हात धरायचा, गप्पा मारत मारत तो हात हळूच काढून घ्यायचा. हात निघाल्याचं पोराला कळेपर्यंत पोर पुढं गेलेलं असायचं. रडणाऱ्या पोरावर तात्या कधी ओरडले नाहीत. "रड की, पाण्यात पाणी. पाय तेवढे हलीव," एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी तात्यांनी जाहीर केलं, की नदीत तयार झालेल्या पोरांना आता दिवाळीच्या सुट्टीत समुद्र दाखवायचा. गाडी ठरली, शिदोरी कुणी काय आणायची ते ठरलं. सगळ्या आया तयार झाल्या, फक्त शालूबाई तयार होईनात. त्यांचा सम्राट हा तात्यांचा सगळ्यात तरबेज चेला. पुलाखालच्या पाण्यात मासोळीसारखा फिरायचा आणि 'आता भाईर ये' हे शब्द त्याला कधीच ऐकू यायचे नाहीत.

"तात्या, माझं एकुलतं एक हाय," शालूबाई म्हणाल्या. "पाण्यात शिरला की त्याला आई दिसत न्हाय न् बाप दिसत न्हाय."

"तशीच्या तशी आणतो सगळी पोरं. ओरखडाबी उठू देत न्हाय. माझा शब्द."

तात्यांनी शब्द दिला म्हटल्यावर शालूबाईंनी होकार दिला. समोरच्या पायरीवर नसरीनबाई मेथी निवडत बसल्या होत्या. देवगडकडच्या एका खेड्यात त्यांचं माहेर. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि शाळेत शिकवता शिकवता अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली. सहलीला त्याही नातीला, जोयाला, घेऊन येणार होत्या.

"तात्या, शब्द मोठा दिलात," मेथीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

"का हो बाई? महापुरात पोहलेला माणूस हाय मी."

"ते मी बघितलंय. पण नदीत तुम्ही भिता कशाला? ओढीला, भोवऱ्याला. म्हणजे पाण्यालाच. समुद्रात ओढ असतेच, पण गुडघाभर शांत पाण्यातसुद्धा पायाखाली कोणीतरी बसलेलं असतं."

"कोण बसतंय?"

"पाकट. ताटासारखा चपटा मासा. अंगावर वाळू ओढून घेतो आणि निजतो. तुमचा पाय वरून पडला की शेपटीचा काटा मारतो. माझा भाऊ रात्रभर विव्हळत होता."

तात्या "हं" म्हणाले आणि घरी गेले. राग आला होता, पण राग कुणाचा आला ते त्यांना सांगता आलं नसतं. आयुष्य पाण्यात काढलेल्या माणसाला कुणी गुडघाभर पाण्याचं भय घालावं? पण शब्द तर देऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नात संयोगिताचं बोट धरून बाईंच्या दारात उभे राहिले.

"सांगा काय ते. पोरांना सांगा, मी ऐकतो."

"आधी तुम्ही शिका," बाई हसून म्हणाल्या. "पोरं माझं ऐकतील, पण पाण्यात तुमच्या मागून येतील."

मग बाईंनी ओट्यावर बसवून दोघांना शिकवलं. पाकट भांडखोर नाही, घाबरट आहे. त्याच्या पाठीवर पाय दिला तरच तो मारतो. म्हणून उथळ समुद्रात पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घासत न्यायचा. वाळू हलली की त्याला चाहूल लागते आणि तो आपणहून निघून जातो. पायात जुने कॅनव्हासचे बूट घालायचे, कारण शिंपल्याची धार आणि खडकातले काटे काही चाहुलीनं पळत नाहीत. बूट आहेत म्हणून पाय उचलायचा, असंही नाही; पाकटाचा काटा बुटातून जातो. पाण्यात किंवा वाळूवर निळा फुगा दिसला, शेपटीला दोरा असल्यासारखा, तर तो मेलेला असला तरी हात लावायचा नाही. त्याचा दोराच आग करतो. हे फुगे वाऱ्यावर येतात, एक दिसला की मागून आणखी असतात.

"आणि लागलंच तर?" संयोगितानं विचारलं.

"काटा लागला तर पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. त्याकरता मी थर्मास घेणार आहे. निळ्या दोऱ्यानं भाजलं तर चोळायचं नाही. पण तात्या, आपण लागू द्यायला चाललोय का?"

गल्लीतली सगळी पोरं संध्याकाळी तालमीत जमली, आणि बाईंनी सकाळचं सगळं त्यांनाही सांगितलं. पाय घासत चाला म्हटल्यावर हशा पिकला. प्रत्येकाच्या आईनं त्याला आजवर नेमकं उलटं सांगितलं होतं. सम्राट तर म्हाताऱ्याची नक्कल करत कमरेवर हात ठेवून फिरला. पोरं चार पावलं घासायची आणि पाचवं पाऊल आपोआप उचलायची. तात्या बघत राहिले. मग ते स्वतः कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत उतरले.

"सम्राट, ये. माझ्याशी खडाखडी कर. आता पाय उचल बघू."

सम्राटनं पाय उचलला तसा तात्यांनी त्याला हलकेच ढकललं, आणि तो मातीत बसला.

"का पडलास?"

"पाय वर होता म्हणून."

"पैलवान पाय उचलतोय का कधी? सरकवतोय. माती सोडत न्हाय. आता समजा खाली माती न्हाय, वाळू हाय. आणि समोर मी न्हाय, दर्या हाय."

हे मात्र पोरांना पटलं. म्हाताऱ्यासारखं चालायचं म्हटल्यावर लाज वाटत होती. पैलवानासारखं चालायचं म्हटल्यावर छाती पुढं आली. सुट्टी लागेपर्यंत रोज संध्याकाळी हौद्यात रांग लागायची, हातात हात, अनवाणी पाय मातीत सरकत. तालमीच्या मातीत पायताण घालून कोण उतरतं? पण त्यामुळं बुटांची सवय राहूनच गेली, हे ना तात्यांच्या लक्षात आलं, ना बाईंच्या.

घाट उतरून गाडी किनाऱ्यावर पोचली तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. पोरं खाली उतरली आणि जागीच थबकली. नदीला पलीकडचा काठ असतो. इथं पलीकडं काहीच नव्हतं. तात्यांनीही समुद्र फार वेळा पाहिला नव्हता. त्यांनी हात जोडले, आणि तोंडातून सवयीनं शब्द गेले, "चला, पायताणं काढा."

नदीवर हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं म्हटलं होतं की ते म्हणायला त्यांना विचार लागत नव्हता. पाण्यात देव आहे. पायताण घालून उतरणं म्हणजे देवाच्या अंगावर पाय देणं. नृसिंहवाडीला संगमावर जाणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पोरांनी खाली वाकून बुटांच्या नाड्यांना हात घातला. सम्राटचा एक बूट निघालासुद्धा.

संयोगिता तेवढी वाकली नाही. तिनं एकदा आज्जाकडं बघितलं, एकदा नसरीनबाईंकडं. बाई गाडीतून सामान काढत होत्या, त्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

"आज्जा," ती खाली बघत म्हणाली, "बूट काढायचं न्हाय ठरलंय."

"पाण्यात देव हाय बाळा."

"व्हय की. मग इथंच काढूया. कोरड्या वाळूवर अनवाणी उभं राहून पाया पडूया. देवाला सांगूया, आम्ही परगावचं, तुझी वाट आम्हाला ठाऊक न्हाय, म्हणून बूट घालतोय. मग घालूया. देव न्हाय म्हणंल का?"

तात्यांना आधी राग येऊ लागला, मग तो वाटेतच कुठंतरी विरला. चारचौघांत आज्जाला अडवणारी ही पोर, आणि अडवताना आज्जाच्या देवालाही मान देणारी. त्यांनी आपली चप्पल काढली. सगळी पोरं रांगेनं अनवाणी उभी राहिली, वाकली, वाळूला हात लावून कपाळाला लावला. जोयानंही आपल्या पद्धतीनं हात पसरून पुटपुटून घेतलं. मग सगळ्यांनी बूट घातले. तात्यांसाठी बाईंनी आपल्या मालकांचे जुने बूट आणले होते. ते त्यांना जरा घट्ट होत होते, पण त्यांनी तसं सांगितलं नाही.

भरती-ओहोटी कधी, पोरांना कुठं उतरवू, हे बाई किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारून आल्या. त्यानं दाखवलेल्या जागी रांग पाण्यात उतरली. हातात हात, गुडघ्यापर्यंत पाणी, पाय सरकत. शेजारी सुट्टीवर आलेली माणसं उड्या मारत होती. त्यांतला एकजण म्हणाला, "काय मामा, पोरांचे पाय दुखतात का?" तात्या पाय सरकवत राहिले.

थोडं पुढं गेल्यावर जोयाच्या पुढची वाळू हलली. जेवायच्या ताटाएवढं काहीतरी करडं उठलं, कडा लाटेसारख्या हलवत सरळ खोल पाण्याकडं निघून गेलं. लांब शेपटी मागून सरकत गेली. रांग जागच्या जागी थांबली. कुणी किंचाळलं नाही.

"गेलं," जोया म्हणाली. "आपण सांगितलं, त्यानं ऐकलं."

 तात्यांना वाटलं, झालं, शब्द पाळला. पण रांगेच्या टोकाला सम्राट होता. हात सोडून तो केव्हाच चार पावलं पुढं गेला होता आणि पाण्यावर वाकला होता. त्याच्या समोर निळाशार, काचेसारखा चमकणारा एक छोटा फुगा डुलत होता.

तात्यांनी ते बघितलं. धावावं म्हणून पाय उचलणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःलाच आवरलं. आपण पाय उचलला की मागची पोरं उचलणार. ते घासत निघाले. एवढं हळू चालणं त्यांनी जन्मात कधी सोसलं नव्हतं. हाक मारली तर पोरगं दचकून त्या फुग्यावरच तोंडघशी पडायचं. नदीत ज्याला हाका ऐकू येत नाहीत, ते पोरगं. शालूबाईंचं एकुलतं एक.

सम्राटचा हात पुढं आला होता. तो तसाच अधांतरी राहिला. मग पोरानं तो हात पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवला, जणू आपल्याच हाताचा त्याला भरवसा नव्हता. एक पाय मागं सरकवला. दुसरा सरकवला. रांगेजवळ आल्यावर तो म्हणाला, "निळा फुगा हाय. मागं फिरा सगळी. पाय घासत."

पोरं वळली. पाण्यात उतरून फारसा वेळही झाला नव्हता. तो मघाचा माणूस म्हणाला, "अहो, एवढ्याला काय भिताय? तिकडच्या बाजूला न्या की पोरांना, तिकडं काही नाही." तात्यांना ते बरं वाटलं. इतक्या लांब आलोय, पोरं हिरमुसतील. ते "चला रे" म्हणणार होते.

"न्हाय तात्या," सम्राट म्हणाला. "बाईंनी सांगितलंय, हे फुगं वाऱ्यावर येत्यात. एक हाय म्हंजे मागनं अजून असणार."

हा सम्राट बोलत होता. घाटावर चिंचेची फोक दाखवल्याशिवाय पाण्याबाहेर न येणारा. तात्यांनी त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि रांग किनाऱ्याकडं नेली.

बाहेर येऊन सम्राटनं जीवरक्षकाला जागा दाखवली. थोड्याच वेळात ओल्या वाळूवर असे आणखी फुगे येऊन पडले, आणि त्यानं शिट्टी वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं. तो मघाचा माणूस पोरांजवळून जाताना जरा थांबला. "कुठली रे पोरं तुम्ही?"

"कोल्हापूरची," सगळी एकदम म्हणाली. विचारल्यावर सांगायची ही गोष्ट त्यांना शिकवावी लागली नव्हती.

दुपार वाळूवर गेली. हौदा आखला, कुस्त्या झाल्या, शिदोरी संपली. तात्या नसरीनबाईंच्या शेजारी बसले होते.

"बाई, थर्मासातलं पाणी वाया गेलं की. च्या तरी करूया."

"गाडीत बसल्याशिवाय नाही," बाई म्हणाल्या. "अजून पोरं किनाऱ्यावर आहेत." पण त्याही हसत होत्या.

रात्री गाडी गल्लीत शिरली तेव्हा शालूबाई कोपऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी सम्राटला उजेडात वळवून वळवून बघितलं, तळपायसुद्धा बघितले.

"किती पोहलास?"

"पोहलोच न्हाय."

"एवढ्या लांब जाऊन?"

"पाणी चांगलं नव्हतं आज. मीच भाईर काढली सगळी."

शालूबाईंनी अविश्वासानं तात्यांकडं बघितलं. "तुम्ही शब्द पाळलासा तात्या."

"म्या?" तात्या म्हणाले. "मी दिला होता. पाळला पोरांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर नेहमीची मंडळी जमली. कुणीतरी विचारलं, "काय तात्या, तुमची पोरं समुद्रात कुठवर गेली?" पुराच्या पाण्यात कोण पलीकडं जाऊन आलं, कुणी पुलावरनं सूर मारला, याच्या गोष्टी तात्या इथं आयुष्यभर सांगत आले होते.

"गुडघाभर," तात्या म्हणाले.

मंडळी हसली. तात्यांनी त्यांना पोटभर हसू दिलं. मग धोतराचा सोगा सावरून ते पायरीवर ऐसपैस बसले, आणि पोरं पाण्याबाहेर कशी आली ते पहिल्यापासून सांगायला लागले.